बोंडअळीचा फोटो कुणाचा? सादरीकरण, शिकण्याची सूट आणि गावभर फिरलेली स्लाइड

दुधनाकाठची (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी,

मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या परभणी जिल्ह्यातल्या एका गावात आमचं 'रावे' (ग्रामीण कृषी कार्यानुभव) चालू आहे. गावात राहायचं, शेतकऱ्यांबरोबर हंगाम काढायचा, बीजप्रक्रिया, माती परीक्षण, सापळे लावणं यांची प्रात्यक्षिकं द्यायची. पेपरात आतल्या पानावर 'कृषीकन्यांनी केले मार्गदर्शन' अशी बातमी येते, त्यातल्या आम्ही.

आमच्या गटाकडे कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं सादरीकरण आलं. मराठवाड्यात हा विषय कुणाला नवा नाही. 2017 च्या हंगामात बोंड फोडलं की आत किडलेली सरकी आणि अळी, हे घरोघरी पाहिलेलं आहे. त्यामुळं अशा कार्यक्रमाला शेतकरी गरज म्हणून येतात आणि नेमके प्रश्न विचारतात. सगळ्यात महत्त्वाची स्लाइड डोमकळीची. अळी कळीत शिरली की पाकळ्या आतून धाग्यांनी जखडल्या जातात, फूल पूर्ण उमलत नाही, टोकाशी पीळ पडून मिटलेलंच राहतं. अशी फुलं दिसली की अळीसकट तोडून नष्ट करायची. मादीच्या गंधानं नर पतंग ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले, तर फवारणीचा विचार करायचा. हे नुसतं बोलून समजत नाही, फोटो लागतोच.

गूगलवर 'गुलाबी बोंडअळी' टाकलं की फोटोंचा ढीग समोर येतो. त्यात हिरव्या बोंडअळीचे फोटो, मक्यावरच्या लष्करी अळीचे फोटो, सगळं मिसळलेलं. काहींवर फोटो विकणाऱ्या संकेतस्थळाची पुसट आडवी अक्षरं. गटातली एक म्हणाली, "शिकण्यासाठी आहे, चालतं." दुसरी म्हणाली, "खाली 'स्रोत: गूगल' लिहू." मला दोन्ही पटेना. गूगल फोटो काढत नाही, फोटो कुठं ठेवलाय तेवढं दाखवतं. आणि ज्या फोटोचा मालक माहीत नाही, त्यातली अळी नेमकी कोणती हे तरी कुणाच्या भरवशावर सांगायचं?

मग ठरवलं की शक्य तितके फोटो आपणच काढायचे. डोमकळीचा फोटो अगदी सकाळी नीट येत नाही, दवामुळं पाकळ्या चमकतात. ऊन थोडं वर आल्यावर, फुलामागं काळी छत्री धरून काढला की पाकळ्यांचा पीळ स्वच्छ दिसतो. आतली अळी दाखवायला एकीनं चिमट्यानं पाकळी उलगडून धरली, दुसरीनं मोबाइल. अंडी आणि पतंग काही आम्हाला मिळाले नाहीत, ते विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या परवान्याच्या फोटोंच्या साठ्यातून घेतले आणि प्रत्येकाखाली छायाचित्रकाराचं नाव नि परवाना लिहिला. मांडणी कॅनव्हावर केली. तिथं मुकुटाची खूण असलेली चित्रं पैसे भरणाऱ्यांसाठी असतात, ती घेतली नाहीत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यक्रम चांगला झाला. लोकांनी पीडीएफ मागितली, ती गावाच्या व्हॉट्सॲप गटावर दिली. तिथून ती तालुक्याच्या गटांवर गेली. काही दिवसांनी तालुक्याच्या गावी एका औषध दुकानाबाहेर पोस्टर दिसलं, त्यावर आमची डोमकळी. कोपऱ्यातलं गटाचं नाव कापलेलं आणि शेजारी एका कीटकनाशकाचं नाव, मोठ्या अक्षरांत. हे औषध आम्ही कुठंही सुचवलेलं नाही. ज्यांनी शाळेत आमचं ऐकलं त्यांनी तो फोटो ओळखला आणि विचारलं, "ताई, हे औषध तुम्हीच सांगितलं का?"

फोटो वापरला याचं मला फार वाटत नाही. आमच्या तोंडी नसलेला सल्ला आमच्या फोटोनं दिला, हे मात्र सहन होत नाही.

जाणकारांना विचारायचं आहे. शिकण्यासाठी कॉपीराइटच्या कायद्यात सूट आहे म्हणतात, ती नेमकी कुठपर्यंत? वर्गातली स्लाइड गावाच्या गटावर गेली की काय बदलतं? आणि दुकानदाराशी कसं बोलावं? भांडण नको आहे, त्या गावात आम्हाला अजून हंगाम काढायचाय.

---

गोदाकाठ

ताई, चांगला धागा. मी नांदेडला अभियांत्रिकीला आहे, आमच्याकडे दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं सादरीकरण असतं. एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली असेल. पॉवरपॉइंटमधून ऑनलाइन चित्र घातलं की खाली बारीक अक्षरांत एक ओळ आपोआप येते, 'धिस फोटो बाय अननोन ऑथर इज लायसन्स्ड अंडर सीसी बाय-एसए'. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा मोकळा परवाना; बाय म्हणजे नाव द्या, एसए म्हणजे त्यावरून नवं केलं तर तेही त्याच परवान्यानं द्या. निम्मी मुलं ती खोडून टाकतात, कारण स्लाइड खराब दिसते. उरलेली तशीच ठेवतात आणि काम झालं समजतात.

पण त्या ओळीतल्या 'धिस फोटो' आणि परवान्याच्या अक्षरांवर दुवे असतात. फोटोच्या दुव्यावर गेलं की मूळ पान उघडतं आणि बऱ्याचदा तिथं छायाचित्रकाराचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. अननोन म्हणजे प्रोग्रामला नाव सापडलं नाही एवढंच. एक टिचकी मारायची आणि नाव स्वतः टाइप करायचं. आमच्या एका मॅडमनी हे सक्तीचं केलं तेव्हा मुलं वैतागली, पण आता सवय झाली आहे.

गूगलवरही चित्रं शोधताना 'टूल्स'मध्ये वापराच्या हक्कांची चाळणी आहे, ती लावली की क्रिएटिव्ह कॉमन्सचे फोटो वेगळे निघतात. तरी मूळ पानावर जाऊन परवाना पाहायचाच. दुसऱ्याचा फोटो स्वतःच्या नावानं चढवणारेही असतात.

---

वकिलीण_लातूर

दुधनाकाठची, तुमचे प्रश्न नेमके आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपला कायदा 1957 चा, त्यात 2012 पर्यंत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी लागत नाही, वर्तुळातला 'सी' लागत नाही. फोटोच्या बाबतीत कायद्यानं कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. म्हणजे चिमटा धरणारी नाही, बटण दाबणारी! पण गटाचं नाव लिहायचं तुम्ही आपसांत ठरवलं तर उत्तमच.

आता सूट. कलम 52 मध्ये अपवादांची लांबलचक यादी आहे. त्यात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत, हक्कभंग धरली जात नाही. ही सूट किती रुंद आहे हे दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सच्या खटल्यात ठरलं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 मध्ये विद्यापीठावर आणि आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा केला होता. पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून मुलांना झेरॉक्स संच देत होते, ही तक्रार. सप्टेंबर 2016 मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानंही सांगितलं की शिक्षणासाठी जेवढं लागतं तेवढं घेणं या अपवादात बसतं, आणि शिकवणं म्हणजे फक्त फळ्यासमोरचा तास नव्हे. 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तेव्हा तुमच्या मैत्रिणीचं 'शिकण्यासाठी चालतं' हे वर्गापुरतं बरोबरच आहे.

पण ही सूट वापराला आहे, फाइलला नाही. वर्गात गुणांसाठी दाखवलेली स्लाइड आणि तीच स्लाइड यूट्यूबवर टाकलेली, हे कायद्याच्या नजरेत दोन वेगळे वापर. तिथं 'मी विद्यार्थी आहे' हे उत्तर पुरत नाही. स्नेहसंमेलनाचं तसंच. संस्थेत शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांपुढं गाणं वाजवलं तर त्यासाठी वेगळा अपवाद आहे. त्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळ्या जगासाठी चढवला की तो अपवाद मागंच राहतो.

रावे तुमच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्यामुळं शाळेतल्या कार्यक्रमापुरती बाजू मांडता आली असती. गटागटांतून फिरणाऱ्या पीडीएफसाठी नाही. तुम्ही स्वतःचे आणि मोकळ्या परवान्याचे फोटो घेतलेत, म्हणून ती पीडीएफ कुठंही गेली तरी तुमच्या बाजूनं काही अडत नाही.

दुकानदाराचं पोस्टर हा सरळ धंद्यासाठीचा वापर आहे, त्याला यातला कुठलाच अपवाद नाही. कलम 57 मुद्दाम वाचा. आपल्या निर्मितीवर आपलं नाव असण्याचा हक्क त्यात आहे आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचाही. नाव कापणं आणि न सुचवलेलं औषध चिकटवणं, या दोन्हींवर बोलायला तुम्हाला जागा आहे. शिक्षेच्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे, पण आज ते काढू नका. आधी जाऊन बोला. मूळ फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. मूळ फाइल हाच तुमचा पुरावा.

---

परळीकर

वकीलबाई, माहिती चांगली आहे, पण मला एक खटकतंय. आपल्याकडची मुलं एका मोबाइलवर चौघांत मिळून प्रोजेक्ट करतात. कॉलेजात प्रोजेक्टर चालला तर चालला. त्यांच्यावर आता परवान्यांचं ओझं कशाला? ज्ञान सगळ्यांचं असावं. पुण्या-मुंबईच्या मुलांना ग्रंथालयं आहेत, पैसे भरून घेतलेली साधनं आहेत. आपल्या मुलाला हे घेऊ नको, ते घेऊ नको म्हटलं तर तो काय घेणार?

---

वकिलीण_लातूर

परळीकर, म्हणूनच तर दिल्लीचा निकाल सांगितला. गरिबाच्या पोराला प्रकरणाची झेरॉक्स घेऊन शिकता यावं, याच्या बाजूनं न्यायालय उभं राहिलं. कायद्यानं जे दिलंय ते मुलांनी बिनधास्त वापरावं, घाबरून सोडू नये. मी एवढंच म्हणते की वर्गाबाहेर पाऊल टाकताना मोकळ्या साठ्यातलं घ्यावं. आणि तो साठा फुकट आहे.

मुदत संपलेलंही पुष्कळ आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं निधन 1956 चं, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन 1 जानेवारी 2017 पासून मुक्त आहे, कुणीही छापावं. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ 1972 मध्ये गेले, त्यांच्या लेखनाला 2032 अखेरपर्यंत थांबावं लागेल. 17 सप्टेंबरसाठी मुक्तिसंग्रामावर स्लाइड बनवणाऱ्या मुलांसाठीही सांगते. 1948 साली काढून तेव्हाच छापलेल्या फोटोंची मुदत जुन्या नियमानं कधीच संपली आहे.

मात्र मुक्त म्हणजे बेनाम नव्हे. बाबासाहेबांचा उतारा घेऊन तो स्वतःचा म्हणून प्रबंधात घातला, तर कॉपीराइटचा भंग नसेल पण वाङ्मयचौर्य आहेच. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे वेगळे नियम आहेत. या दोन गोष्टी मुलं सारखी एकत्र करतात. नाव दिलं म्हणून परवानगी मिळत नाही, आणि परवानगी लागत नाही म्हणून नाव गाळता येत नाही.

---

बांधावरून

कायद्याचं मला कळत नाही. मी आष्टी तालुक्यातला शेतकरी. पण फोटोचं म्हणाल तर 2022 ला आमच्याकडं घोणस अळीनं लई धिंगाणा घातला होता, अळीनं नव्हं, तिच्या फोटोनं. अळी चावली की माणूस मरतो असं लिहून कुठले कुठले फोटो फिरायले होते. बाया गवताला जाईनात, मजूर उसात शिरंना. मग कृषी खात्याचे लोक आले, सांगितलं की अंगाला लागली तर आग होते, खाज येते, पण माणूस मरत नाही. तवा कुणी विचारलं नाही की हा फोटो काढला कुणी, कुठं काढला, कव्हा काढला.

ह्या पोरीनं खाली नाव लिहिलं, गाव लिहिलं, हे मला त्याच्यासाठी पटलं. नाव असलं की फोन लावून विचारता येतं. पोरी, दुकानदाराला भिऊ नको. तुपलं काम चांगलं हाय.

---

दुधनाकाठची

काका, तुम्ही लिहिलंत ते वाचून फार बरं वाटलं. घोणस अळीच्या वेळी आमच्या आजीनं आठवडाभर शेतातल्या आखाड्यावर जाऊ दिलं नव्हतं. फोटोखाली गाव आणि तारीख लिहायचं आम्ही आता सगळ्याच स्लाइडवर पक्कं केलंय. पिकाचं वय पण लिहितो, कारण डोमकळी कितव्या दिवशी दिसली हे शेतकरी विचारतातच.

वकीलताई, कलम 57 वाचलं. तुमच्यामुळं बोलायला शब्द मिळाले. उद्या जाऊन येतो आम्ही.

---

मास्तर_सेलू

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांना 'कॉपीराइट' म्हटलं की परीक्षेतली कॉपी आठवते. म्हणून मी त्यांना बालभारतीचं पुस्तक उघडायला लावतो, सुरुवातीचंच पान, जे कुणी वाचत नाही. तिथं छापलेलं आहे की पुस्तकाचे सर्व हक्क मंडळाकडे राखीव आहेत आणि कोणताही भाग संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय उद्धृत करता येणार नाही. मुलं चमकतात. इतकी वर्षं दप्तरात असलेलं पान असतं ते! मग विचारतात, "सर, मग आम्ही वहीत उत्तरं लिहितो ते?" तिथून अपवादाची गोष्ट सुरू करता येते. परीक्षेत प्रश्न म्हणून उतारा छापणं आणि उत्तरात तो लिहिणं यालाही कायद्यात सूट आहे.

'स्रोत: गूगल'चा माझ्याकडं साधा इलाज आहे. त्या ओळीला गुण नाहीत, आणि मूळ पान सापडलं नाही तर फोटो काढून टाकायचा, त्या जागी हातानं आकृती काढून तिचा फोटो लावायचा. मागच्या वर्षी एका मुलीनं जायकवाडीच्या धरणाचा छेद वहीत काढून स्लाइडवर लावला. नाथसागराच्या हजार फोटोंपेक्षा तो जास्त शिकवून गेला. सांडवा कुठं, कालवा कुठून निघतो, सगळं तिच्या बोटाखाली होतं. फोटो उचलणारा मुलगा फोटोकडं पाहत नाही, आकृती काढणाऱ्याला पाहावंच लागतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं काढलेली चित्रं आता शाळेतही आली आहेत. माझं मत स्पष्ट आहे. विज्ञान, इतिहास, शेती या विषयांत ती पुराव्याच्या जागी लावूच नयेत. परवा एका मुलानं तसं बनवलेलं वेरूळचं कैलास लेणं आणलं, खांबांवर नसलेली नक्षी आणि शिखराला भलताच कळस. खाली 'संगणकानं तयार केलेलं चित्र' असं लिहायला लावलं आणि शेजारी खरा फोटो.

---

छापखाना_जालना

पोस्टरचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोबाइल पुढं करतं, "हा फोटो टाका." फोटो कुठून आला हे त्यालाही माहीत नसतं. पुसट अक्षरं असलेला फोटो आणून "हे खोडून द्या" म्हणणारेही येतात. आम्ही खोडत नाही. ती अक्षरं म्हणजे फोटो विकायचाय अशी पाटी आहे, ती काढून छापणं म्हणजे माल उचलून नेणं. मोकळे फोटो देणारी पिक्साबे, पेक्सेल्ससारखी ठिकाणं दाखवतो, बहुतेकांचं तिथं भागतं.

कामाचं सांगायचं तर व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो फ्लेक्सवर फुटतो, चेहरे चौकटीचौकटीचे दिसतात. मालकाकडून मूळ फाइल मागून घेतली की परवानगीही होते आणि छपाईही चांगली. दुधनाकाठची ताई, दुकानदाराला हेच सांगा. तुमच्याकडून मागितला असता तर पोस्टर जास्त चांगलं झालं असतं.

मराठी अक्षरांचं पण लिहितो, कारण सादरीकरणात फोटोइतकाच घोळ फाँटचा. एका संगणकावर बनवलेलं दुसऱ्यावर उघडलं की चौकोनी डबे किंवा अगम्य चिन्हं. जुन्या श्रीलिपी, कृतीदेवमध्ये टाइप केलं असेल तर तो फाँट तिथं असायलाच लागतो. युनिकोडमध्येच लिहा. विकतचे फाँट पेनड्राइव्हवरून वाटत फिरायची गरज नाही. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे खुल्या परवान्याचे आहेत, छपाईलाही चालतात. आणि कार्यक्रमाला जाताना पीडीएफ सोबत ठेवा. ती कुठल्याही यंत्रावर तशीच उघडते.

---

गोदाकाठ

माझा एक प्रश्न. 'सीसी बाय-एसए'चा फोटो एका स्लाइडवर लावला तर सगळं सादरीकरण त्याच परवान्यानं मोकळं करावं लागतं का? आमच्या वर्गात यावर दोन तट पडलेत.

---

वकिलीण_लातूर

फोटो जसाच्या तसा लावला तर नाही. तो तुमच्या संग्रहातला एक भाग झाला, त्याचा परवाना त्याच्यापुरता. त्या फोटोवर काम करून नवी कलाकृती केली, समजा त्यावरून चित्र काढलं किंवा दुसऱ्या फोटोत मिसळला, तर ती नवी कलाकृती त्याच परवान्यानं द्यावी लागते. 'एनसी' असेल तर धंद्यासाठी नाही. 'एनडी' असेल तर बदललेलं रूप वाटायचं नाही. 'सीसी झीरो' असेल तर काहीच अट नाही, तरी नाव लिहावं. ओळ अशी चालते: छायाचित्र अमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए 4.0, आणि मूळ पानाचा दुवा. फोटो कापला असेल तर 'कापून वापरला' हेही लिहायचं.

---

लेणीवाली

संभाजीनगरहून. मी पर्यटनाचा अभ्यासक्रम करते, आमच्या स्लाइडमध्ये अजिंठा असतोच. आमच्याकडं सगळ्यांचा समज, लेणी दोन हजार वर्षं जुनी म्हणून फोटोही मोकळे. चित्र मोकळं आहे, पण ते टिपणाऱ्या आजच्या छायाचित्रकाराचा फोटो त्याचा आहे. मला तिथलं पद्मपाणीचं चित्र हवं होतं तर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करणाऱ्या जॉन ग्रिफिथ्सच्या पुस्तकातल्या छापील प्रती कामी आल्या. ते 1890 च्या दशकात छापलं गेलं आणि ग्रिफिथ्स 1918 मध्ये वारला, त्यामुळं मुदतीचा प्रश्नच नाही. आणि गंमत म्हणजे आज भिंतीवर पुसट झालेले काही भाग त्या प्रतींत दिसतात. चौकातल्या पुतळ्यांचं विचाराल तर सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो आपण काढू शकतो, कलम 52 मध्ये तोही अपवाद आहे. तेव्हा क्रांती चौकात जा आणि स्वतः काढा.

---

चौरंगी_फोटो

लग्नाचे फोटो काढतो, गाव सांगत नाही. वकीलताई, गावातल्या मेळाव्याचे फोटो काढायला पोरी मला बोलावतात, पैसे देतात. ते फोटो माझे का त्यांचे?

---

वकिलीण_लातूर

पैसे देऊन सांगितलेलं काम असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. कलम 17. तुम्हाला स्वतःच्या जाहिरातीत ते वापरायचे असतील तर आधीच बोलून घ्या. फुकट काढून दिलेत तर तुमचेच. आणि फोटोत जे शेतकरी आहेत त्यांना विचारणं हा कायद्यापलीकडचा साधा रिवाज, तो दोघांनीही पाळावा.

---

दुधनाकाठची

मंडळी, दुकानात जाऊन आलो. आमच्याबरोबर गावचे कृषी सहायक सर पण आले. दुकानदार काका आधी म्हणाले, "गटावर आलं होतं, गटावरचं सगळ्यांचं असतं." आम्ही मोबाइलमधला मूळ फोटो दाखवला, शेताच्या मालकाचं नाव सांगितलं, ते त्यांच्या ओळखीचे निघाले. मग सांगितलं की फोटोबद्दल भांडण नाही, औषधाचं नाव आमच्या फोटोशेजारी नको, कारण लोक तो आमचा सल्ला समजतात. सापळ्यातले पतंग न मोजता फवारणी केली तर पैसा जातो आणि अळीला खाणारे मित्रकीटकही मरतात, हे सरांनी समजावलं. त्यांनी पोस्टर काढलं. नवीन पोस्टरसाठी आम्हीच त्यांना मजकूर करून दिला: डोमकळी कशी ओळखावी, हेक्टरी पाच कामगंध सापळे, पतंग कसे मोजावे. खाली गटाचं नाव आणि फोटोचं गाव. औषधाचं नाव नाही. छपाई त्यांनी स्वतःच्या खर्चानं केली. छापखानावाले दादा, मूळ फाइलचं तुमचं वाक्य तिथं चपखल लागू पडलं.

गटात बोलून आणखी एक ठरवलं. डोमकळीचे आणि अळीचे फोटो आम्ही विकिमीडिया कॉमन्सवर 'सीसी बाय-एसए 4.0' नं चढवतोय. मराठीत वर्णन, गाव, तारीख, पिकाचं वय. पुढच्या वर्षी रावेला येणाऱ्या मुलींना गूगलमध्ये चाचपडावं लागू नये. चढवताना 'हे माझं स्वतःचं काम आहे' असं तिथं जाहीर करावं लागतं, म्हणून जिनं फोटो काढला तिच्याच खात्यावरून टाकतोय.

---

मास्तर_सेलू

शाब्बास. माझ्या शाळेत आठवीच्या मुलांना दाखवायला डोमकळीचा फोटो हवा आहे. वर्गातच दाखवणार, तरी विचारून घेतो.

---

दुधनाकाठची

सर, नक्की वापरा, नावासकट. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवते, मोठी दिसेल. फक्त दुसऱ्या फोटोतली अळी लहान अवस्थेतली आहे, पांढरट, गुलाबी झालेली नाही. मुलांना ते आधी सांगा, नाहीतर वेगळीच अळी वाटेल.

---

बांधावरून

ठिपक्याच्या बोंडअळीचा फोटो हाय का कुणाकडं? आमच्या भेंडीवर तीच वाटायली, पण खात्री नाही.

---

दुधनाकाठची

काका, आमच्याकडे नाही. तुम्ही फळ उभं चिरून आतल्या अळीचा फोटो काढा, उजेडात, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. इथं टाका, आमच्या कीटकशास्त्राच्या मॅडमना दाखवते. आणि खाली तुमचं नाव नि गाव लिहा, फोटो तुमचा आहे.